कोणाच्या मनगटाने

पहिल्या झटक्याला चाकू उघडला नाही. दुसऱ्यालाही नाही.

"होत नसेल तर तसं सांगा," न्यायाधीश म्हणाले. आवाजात राग नव्हता, घाई होती. जेवणाची सुट्टी जवळ आली होती.

साक्षीदाराच्या पिंजऱ्यात उभ्या असलेल्या झटकेसाहेबांनी चाकू मुठीत पुन्हा नीट बसवला. मागच्या बाकावर कोणीतरी खुदकन हसलं. त्यांनी वळून पाहिलं नाही, पण कानाच्या पाळ्या गरम झाल्या. त्यांनी हात थोडा मागे घेतला, खांदा किंचित उचलला आणि एकदम खाली सोडला. खट्ट आवाज झाला. पातं बाहेर येऊन ताठ उभं राहिलं.

"उघडला," सरकारी वकील म्हणाले.

न्यायाधीशांनी मान डोलावली आणि लिहून घेतलं. आरोपीच्या जागी उभा असलेला माणूस चाकूकडे बघत नव्हता. त्याचा डावा हात कोपराच्या खाली नव्हता. सदऱ्याची रिकामी बाही दुमडून पिनेने टाचलेली होती. तो झटकेसाहेबांच्या खांद्याकडे बघत होता.

साहेबांचं खरं आडनाव वेगळं होतं, पण कस्टमच्या पार्सल खात्यात ते कोणाच्या तोंडी राहिलं नव्हतं. परदेशातून येणारी पुडकी फोडायची, आतला माल बघायचा, सोडायचा किंवा अडवायचा, हे त्यांचं काम. कपडे, बूट, खेळणी, औषधं असं सगळं टेबलावरून जाई. चाकू आला की मात्र सगळे हात थांबत आणि कोणीतरी म्हणे, "झटकेसाहेबांकडे द्या."

कायद्यात एवढंच लिहिलं होतं, की मनगटाच्या झटक्याने उघडणारा चाकू बाहेरून आणता येणार नाही, विकता येणार नाही आणि जवळ बाळगता येणार नाही. साधा चाकू कामासाठी खिशात सापडला तर कारण विचारत आणि पटलं तर सोडून देत. झटक्याने उघडणाऱ्या चाकूला कारणच चालत नसे. माळी असो, स्वयंपाकी असो, ऐकून घेण्याची सोय नव्हती. पण झटका कोणाचा, किती जोराचा, किती वेळा, याबद्दल कायदा गप्प होता. वरून अधूनमधून परिपत्रकं येत. एकात सांगितलेलं दुसऱ्यात फिरवलेलं असे. शेवटी परिपत्रकं बाजूला सारून लोक साहेबांच्या टेबलापाशी जमत.

तरुणपणी साहेब खात्याच्या संघातून बॅडमिंटन खेळत. संघ कधीच मोडला, मनगट राहिलं. चाकू हातात घेऊन ते दोन क्षण तोलत, मग एकच झटका. पातं बाहेर आलं की बघणारे "वा" म्हणत आणि साहेब काही विशेष न झाल्यासारखं शिक्का उचलत. त्यांच्या एकंदर सरळसोट आयुष्यात त्यांना दुसऱ्या कशासाठी कोणी वाखाणलं नव्हतं. नोकरी वेळेवर, घर वेळेवर, मुलीचं शिक्षण पार पडलेलं, लग्न पार पडलेलं. नाकासमोर चालणारा माणूस. त्याला एवढीच एक हौस, आणि तीही सरकारी कामात बसणारी.

हा चाकू मात्र पार्सलातून त्यांच्याकडे आला नव्हता. तो पोलिसांच्या पाकिटातून आला. बाजाराच्या फाटकावर एके दिवशी झडती चालली होती. रोपवाटिकेत कलमं बांधणारा हा एका हाताचा माणूस आपण होऊन म्हणाला, "खिशात चाकू आहे, जपून हात घाला." जपून घातलेल्या हाताने त्याला थेट चौकीत नेलं. मग तज्ज्ञाचं मत हवं म्हणून चाकू कस्टमकडे पाठवण्यात आला.

पाकीट उघडलं तेव्हा शेजारच्या टेबलावरची बाई वाकून बघायला आली. दोघांचा कित्येक वर्षांचा शेजार होता. ती म्हणाली, "अहो, हा तर मी सोडला होता. अंगठ्याने ढकलायला पात्यावर हे बटणासारखं बोंडूक आहे, बघा. एका हाताच्या माणसासाठी मागवलेला होता. बरोबर चिठ्ठी होती."

"झटकून बघितला होता का?"

"बघितला. नाही उघडला."

साहेबांनी झटकून बघितला. लगेच नाही, पण उघडला. आजूबाजूच्या दोघातिघांनी "वा" म्हटलं. त्यांनी कागदावर "उघडतो" लिहून खाली सही केली. आपल्या टेबलापाशी जाऊन तिने पुढचं पुडकं ओढलं.

कोर्टात त्या माणसाच्या वकीलबाईंनी पार्सलचं खोकंच आणून दाखवलं. त्यावर कस्टमचा शिक्का होता, तपासून सोडल्याचा.

"तुमच्याच खात्याने सोडलेला चाकू तुम्ही बेकायदेशीर कसा म्हणता?" त्यांनी विचारलं.

"ते टेबल माझं नव्हतं," साहेब म्हणाले.

मागे पुन्हा हशा झाला. या वेळी तो वकीलबाईंवर होता आणि साहेबांना बरं वाटलं. त्या बरं वाटण्याची पुढे त्यांना फार लाज वाटायची होती.

निकाल दुपारनंतर लागला. अटकेत काढलेले दिवस धरून शिक्षा संपली असं म्हणून त्याला सोडून दिलं, पण गुन्हा शाबीत झाला. सगळे उठले. साहेब बाहेरच्या लांबलचक व्हरांड्यात पाणी प्यायला थांबले, तेव्हा एक बाई त्यांच्यासमोर येऊन उभी राहिली. हातात तेच खोकं होतं.

"साहेब, मी त्यांची बायको."

साहेबांनी पेला खाली ठेवला. आता शिव्या ऐकायच्या, अशी त्यांनी मनाची तयारी केली.

"एक विचारायचं होतं," ती म्हणाली. "मग कोणता चालेल ते तरी सांगा. तसला घेऊ."

"दुकानदाराला विचारा."

"विचारलं. तो म्हणतो, कस्टमला विचारा."

"तसं सांगता येत नाही. प्रत्येक चाकू बघावा लागतो."

"बघितला होता हो मी." ती खोक्यावरचा शिक्का अंगठ्याने पुसल्यासारखं करत होती. "यांना साधा चाकू दातांनी उघडावा लागायचा. हात गेल्यापासनं तसंच. पुढचा दात तुटला, तेव्हा मीच मागवला हा. कोणीतरी म्हणालं झटक्याचा चालत नाही. म्हणून आला त्या दिवशी घरी मी झटकून बघितला. चांगला पाच-सहा वेळा. नाही उघडला. मग म्हटलं चालेल, आणि यांच्या खिशात घातला."

"तुम्ही त्यांच्या वकिलांशी बोला," असं काहीतरी ते पुटपुटले आणि जिन्याकडे वळले. जिना उतरताना त्यांच्या लक्षात आलं, की आपण उजवा हात खिशात घालून ठेवला आहे.

घरी गेल्यावर बायकोने विचारलं, "कसं झालं?"

"उघडला," ते म्हणाले.

रात्रीच्या जेवणाला त्यांना भूक नव्हती. नंतरही बरेच दिवस घास तोंडात फिरत राहायचा. बायकोला वाटलं, पित्त झालं असेल. साहेबांच्या डोळ्यांसमोर मात्र एकच चित्र येई. स्वयंपाकघरात एक बाई उभी आहे, दार लावून घेतलेलं आहे, आणि ती चाकू झटकते आहे. नवऱ्याला त्रास व्हायला नको म्हणून आधी स्वतः झटकून बघते आहे. तिला जमत नाही आणि न जमण्याचा तिला आनंद होतो आहे.

आणि त्यामागोमाग खांदा आठवे. कोर्टात तिसऱ्या वेळी आपण काय केलं, हे त्यांना करताना ठाऊक होतं. मनगटाने तो चाकू उघडत नव्हता. दोन प्रयत्नांत ते स्पष्ट झालं होतं. "होत नाही" म्हणायला न्यायाधीशांनी स्वतः जागा करून दिली होती. कायद्यासाठी नाही, त्या माणसावर राग होता म्हणूनही नाही, मागे कोणीतरी हसलं म्हणून त्यांनी खांदा लावला होता.

काही आठवड्यांनी शेजारच्या बाईच्या पुडक्यातून तसाच चाकू निघाला. त्याच कंपनीचा, तसंच बोंडूक. तिने तो साहेबांच्या टेबलावर ठेवला.

खोलीत तेव्हा दोघंच होती. साहेबांनी दार लोटून घेतलं. त्यांनी कोपर कमरेशी घट्ट धरलं आणि फक्त मनगट झटकलं. उघडला नाही. पुन्हा झटकलं, पुन्हा नाही. बऱ्याच वेळाने मनगट दुखायला लागलं तेव्हा त्यांनी चाकू खाली ठेवला.

"आज खांदा नाही लावला?" बाईने विचारलं.

साहेबांनी तिच्याकडे बघितलं. "तुम्हाला माहीत होतं?"

"सगळ्यांनाच माहीत आहे. आम्हाला वाटायचं, तुम्हालाही माहीत असणार."

"मग कधी बोलला का नाहीत?"

"तुम्हाला कोण बोलणार?" ती म्हणाली. मग खुर्ची जवळ ओढून, "खरं सांगू? गंमत वाटायची. चाकू इथेच अडायचा, पार्सल परत जायचं, कोणाचं काय बिघडायचं? कोणाला धरून नेतील असं काही डोक्यात नव्हतं. माझाही शिक्का होता त्या खोक्यावर. मला कोर्टात बोलावलं असतं तर गेले असते. कोणी बोलावलं नाही, मीही गेले नाही."

तिने चाकू उचलला, पुन्हा खोक्यात घातला आणि शिक्क्यासाठी साहेबांकडे बघत राहिली. साहेबांनी सोडल्याचा शिक्का मारला. तो तिरका पडला.

त्याच दुपारी ते मोठ्या साहेबांच्या खोलीत गेले. मोठे साहेब वयाने त्यांच्याहून लहान आणि बोलायला गोड होते. सगळं ऐकून घेतल्यावर ते म्हणाले, "बसा आधी. पाणी घ्या. हे बघा, तुमच्या मनाला लागलंय, मला कळतंय. पण आज तुम्ही खांदा म्हणालात की उद्या प्रत्येक जण येईल. माझा चाकू अडवला, माझा माल परत पाठवला. तुम्ही केलेल्या तपासण्या थोड्या का आहेत? कुठे कुठे पुरे पडणार? आणि नवीन परिपत्रक येतंच आहे. त्यात म्हणे असले बोंडुकाचे चाकू वगळणार आहेत."

"कधी येणार?"

"येईल की. येतं म्हणालेत."

"तोवर त्या माणसाचं काय?"

"सुटला ना तो?"

"गुन्हा शाबीत झाला. मी चौकशी केली. नगरपालिकेच्या रोपवाटिकेतून काढलंय. हत्याराच्या गुन्ह्यातला माणूस ठेवता येत नाही म्हणाले."

मोठ्या साहेबांनी चष्मा काढून पुसला. "वाईट झालं," ते म्हणाले. त्यांना खरोखरच वाईट वाटलं असावं. पण त्यांनी टेलिफोनकडे हात नेला आणि साहेबांना उठावं लागलं.

वकीलबाईंचं ऑफिस एका झेरॉक्सच्या दुकानाच्या वरच्या मजल्यावर होतं. साहेबांना दारात बघून त्यांनी भुवया उंचावल्या, पण खुर्ची पुढे केली. साहेबांनी सांगायला सुरुवात केली तेव्हा खालच्या यंत्राची खरखर चालू होती. सांगून झालं तेव्हा ती थांबली होती.

"अपिलाची मुदत आहे अजून," वकीलबाई म्हणाल्या. "हे लेखी द्याल?"

साहेबांनी गुडघ्यांवरचे हात बघितले. "घरी विचारून सांगतो."

वकीलबाईंनी पेनला टोपण लावलं. "विचारा," त्या म्हणाल्या. त्यांच्या आवाजावरून साहेबांना कळलं, की हा माणूस परत येणार नाही अशी त्यांची खात्री झाली आहे.

घरी बायको वाळलेल्या कपड्यांच्या घड्या घालत होती. साहेबांनी पलंगाच्या कडेवर बसून सगळं सांगितलं. खांदा, हसणं, ते खोकं, रोपवाटिका. चौकशी लागेल, पेन्शन अडकेल, लोक तोंडात शेण घालतील, हेही सांगितलं. बायकोने मध्ये एकदाही अडवलं नाही.

"मग काय करू?" साहेबांनी विचारलं.

"मला का विचारताय?" ती म्हणाली. "मी नको म्हटलं तर तुम्हाला बरं पडेल म्हणून?"

साहेबांनी घड्यांमधला एक रुमाल उचलला आणि पुन्हा खाली ठेवला.

"आयुष्यात एवढं कधी विचारलं नाहीत मला. घर घेताना विचारलं नाहीत." तिने साहेबांचा सदरा हातात घेतला आणि बाहीची घडी घालता घालता थांबली. बाही तशीच लोंबत राहिली. "त्या बाईने विचारलं तुम्हाला कोणता चाकू चालेल म्हणून?"

"हो."

"आणि तुम्ही दुकानदाराकडे पाठवलंत."

"हो."

तिने घडी पूर्ण केली, सदरा कपाटात ठेवला आणि स्वयंपाकघरात गेली. दुसऱ्या दिवशी साहेबांनी रजा टाकली आणि झेरॉक्सच्या दुकानावरचा जिना चढले.

अपिलाच्या वेळी कोर्ट वेगळं होतं, न्यायाधीश वेगळ्या होत्या, पण पिंजरा तसाच होता. सरकारी वकिलांनी साहेबांना चांगलंच धारेवर धरलं.

"म्हणजे तेव्हा खोटं बोललात, की आत्ता बोलताय?"

"तेव्हा खोटं बोललो नाही," साहेब म्हणाले. "खांदा लावला का असं कोणी विचारलं नव्हतं." ते थांबले. "मीही सांगितलं नाही. माहीत असून सांगितलं नाही."

या वेळी कोणी हसलं नाही. न्यायाधीशबाईंनी त्यांना चाकू पुन्हा झटकायला सांगितलाच नाही. गुन्हा रद्द झाला, चाकू मालकाला परत द्यावा असा हुकूम झाला. चाकू कायदेशीर आहे की नाही, यावर मात्र निकालात अवाक्षर नव्हतं. तपासणी सदोष होती, एवढंच म्हटलं होतं.

खात्यात साहेबांची चौकशी सुरू झाली आणि त्यांना जोड्यांच्या टेबलावर बसवण्यात आलं. दिवसभर बुटांत हात घालून आत काही लपवलंय का बघायचं. "झटकेसाहेब" ही हाक हळूहळू बंद झाली. लोक त्यांना काहीच म्हणेनासे झाले. चाकू आता शेजारच्या बाईकडे जात. ती प्रत्येक चाकू एकदाच झटके, तोही अंगात ताप असल्यासारखा, आणि सोडून देई.

कलमवाल्याला रोपवाटिकेने परत घेतलं नाही. जागा भरली होती. चाकू न्यायलाही तो आला नाही. वकीलबाईंनी दोनदा निरोप पाठवला. उत्तर आलं, आम्हाला कोर्टाच्या आसपास यायचं नाही. शेवटी त्यांनीच तो सोडवून आणला आणि टेबलाच्या खणात टाकला. साहेब भेटायला गेले तेव्हा त्यांनी खण उघडून दाखवला.

"मी नेऊन देतो," साहेब म्हणाले.

"न्या. बरं होईल."

दारापर्यंत जाऊन साहेब परत आले. "घेऊन जायला हरकत नाही ना? म्हणजे कायद्याने?"

वकीलबाईंनी पेन खाली ठेवलं. "तुम्ही मला विचारताय?"

दोघंही हसले नाहीत. "मला खरंच सांगता येणार नाही," त्या म्हणाल्या. "हुकूम मालकाला परत देण्याचा आहे. तुम्ही मालक नाही. नवीन परिपत्रक आलेलं नाही. कोणी धरलं तर मला फोन करा."

साहेबांनी चाकू रुमालात गुंडाळून डब्याच्या पिशवीत तळाशी घातला, वर रिकामा डबा ठेवला. मग वाटलं, गुंडाळून ठेवला तर लपवल्यासारखं दिसेल. रुमाल काढला. मग वाटलं, उघडा ठेवला तर चटकन हाताला येईल असा ठेवल्यासारखं होईल. जिन्याच्या वळणावर उभं राहून त्यांनी तो दोनदा काढला, दोनदा घातला. पार्सल खात्यात आख्खी नोकरी घालवलेल्या माणसाला चाकू पिशवीत कसा ठेवायचा हे कळेना.

बसस्थानकाच्या फाटकावर एक हवालदार उभा होता. एका हातात चहाचा कागदी पेला, दुसऱ्या हाताने तो पिशव्या चाचपत होता. पुढच्या लोकांना त्याने नुसतं बघून सोडलं. साहेबांची पिशवी त्याने उघडायला लावली. कदाचित साहेबांच्या कपाळावर घाम होता म्हणून असेल.

"हे काय?"

"चाकू."

"ते दिसतंय. कशाला लागतो?"

"माझा नाही. एका माणसाचा आहे. त्याला परत द्यायचाय."

हे शब्द तोंडातून बाहेर पडताना साहेबांनाच ते खोटे वाटले. खिशात सापडलेला प्रत्येक चाकू दुसऱ्या कोणाचा तरी असतो.

हवालदाराने चाकू बोटांत फिरवला, बोंडुकावर अंगठा टेकवून बघितला. मग चहा सांडू नये म्हणून पेला अंगापासून लांब धरून त्याने मोकळ्या हाताने चाकू झटकला. साहेबांनी डोळे मिटले. त्या एवढ्याशा वेळात त्यांना पोलीस चौकी दिसली, मुलीचं सासर दिसलं, आणि बाजाराच्या फाटकावर "जपून हात घाला" म्हणणारा माणूस दिसला.

"घट्ट आहे," हवालदार म्हणाला. "तेल घाला याला." त्याने चाकू पिशवीत टाकला, चहाचा घोट घेतला आणि मागच्या बाईची पिशवी पुढे ओढली.

साहेब बाकड्यावर जाऊन बसले. त्याच्या हातात पेला नसता तर? त्याने पुन्हा एकदा झटकला असता तर? तो तरुण होता, खांदे भरलेले होते. पहिली बस आली आणि गेली. साहेबांना उठता आलं नाही.

कलमवाल्याचं घर गावाच्या कडेला, एका बंद पडलेल्या गिरणीच्या मागे होतं. दोन खोल्या, आणि मागे पत्र्याचं छप्पर घातलेलं छोटं अंगण. अंगणात काळ्या पिशव्यांतून गुलाबाची रोपं ओळीने मांडली होती. कलमवाला स्टुलावर बसला होता, त्याची बायको जमिनीवर. साहेबांना बघून ती उठली नाही. हातातला चाकू तिने बाजूला ठेवला. तो साधा होता, लाकडी मुठीचा, न दुमडणारा.

"या," कलमवाला म्हणाला. "वकीलबाईंनी कळवलं होतं."

साहेबांनी पिशवीतून चाकू काढून पायरीवर ठेवला. कोणी तो उचलला नाही.

"माझी चूक झाली," साहेब म्हणाले.

"तुम्ही कोर्टात सांगितलंत ना."

"तेवढं पुरे नाही."

"नाही," कलमवाला शांतपणे म्हणाला. "पुरे नाही. तुमचा खांदा मला तेव्हाच दिसला होता. एकच हात असला की दुसऱ्यांचे हात कसे चालतात ते दिसायला लागतं. पण मी म्हटलं म्हणून कोण ऐकणार होतं? मी ओरडायला पाहिजे होतं, असं ही म्हणते."

"म्हणते," त्याची बायको म्हणाली. तिने पायरीवरच्या चाकूकडे बघितलं. "तो राहू दे तिथेच. यांना आता खिशात किल्लीसुद्धा नको असते. मीच कापते, हे सांगतात." मग तिने लाकडी मुठीचा चाकू उचलून साहेबांसमोर धरला. "हा दुमडत नाही. पण परवा एका बंगल्यावर कलमं बांधायला बोलावलंय. हा पिशवीत घेऊन गेले तर चालेल का?"

साहेबांनी चाकूकडे बघितलं, मग तिच्याकडे. नियम त्यांना तोंडपाठ होते. कामाचं कारण, पात्याची लांबी, फाटकावरचा माणूस, त्याचा त्या दिवशीचा मूड, त्याच्या दुसऱ्या हातात काय आहे ते.

"मला माहीत नाही, ताई," ते म्हणाले. "खरंच माहीत नाही."

तिने चाकू खाली घेतला. "बरं," ती म्हणाली. "मग बंगलेवाल्यांनाच त्यांच्या घरातला चाकू काढून ठेवायला सांगते. असेल काहीतरी त्यांच्याकडे."

ती पुन्हा रोपाशी बसली. रानगुलाबाच्या खोडावर आडवा-उभा छेद घ्यायचा, साल अलगद उचलायची, आत चांगल्या गुलाबाचा डोळा बसवायचा आणि पट्टीने बांधायचं. छेद घेताना खोड हलत होतं. तिचा एक हात चाकूला, दुसरा सालीला. कलमवाला स्टुलावरून वाकून एका हाताने पिशवी धरत होता, पण शेंडा डोलतच होता.

"शेंडा धरू का?" साहेबांनी विचारलं.

नवरा-बायकोंनी एकमेकांकडे बघितलं. कलमवाला स्टुलासकट जरा सरकला आणि जागा झाली. साहेब पायजम्याला माती लागेल याची पर्वा न करता खाली बसले आणि त्यांनी दोन बोटांत शेंडा धरला. काटा रुतला, पण ते हलले नाहीत. तिने छेद घेतला. साल उघडली. हिरवा, ओला डोळा आत सरकला. कलमवाल्याने पट्टीचं टोक दातांत धरलं आणि तिने वेढे घातले.

"हे लागलं की नाही ते कधी कळतं?" साहेबांनी विचारलं.

"कळतं दोन-तीन आठवड्यांत. हिरवं राहिलं तर लागलं."

"मी येऊ का बघायला?"

कलमवाल्याने रोपाची पिशवी सरळ केली. "या," तो म्हणाला. "पण यायलाच पाहिजे असं नाही."

त्याच्या बायकोने बांधलेलं रोप बाजूला सरकवलं आणि ओळीतलं पुढचं समोर ओढलं.

"धरा," ती म्हणाली.